ताक, सोडा आणि हलका हात



ताकाला जाऊन भांडे लपवू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही आज अक्षरशः ताकालाच आलो आहोत. तेव्हा भांडे आरंभीच पुढे करतो. या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, वाङ्मय अशा भारदस्त विषयांवर विद्वान वक्ते बोलून जातात. आम्ही मात्र बोलणार आहोत घरी भाजावयाच्या बिस्किटांविषयी. तीही चहात बुडवावयाची, आपल्या ओळखीची बिस्किटे नव्हेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील व्हर्जिनिया, टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांत सकाळच्या न्याहारीला ताकात भिजवून जी मऊ, पापुद्र्यांची बिस्किटे करतात, त्यांची ही हकीकत आहे. विषय लहान आहे हे आम्ही जाणतो. परंतु रसायनशास्त्र, शेती, गुलामगिरीचा इतिहास आणि बाईच्या हातचे न लिहिलेले ज्ञान, एवढे सारे ज्या एका ताटलीत येऊन बसले आहे, ती ताटली थोडा वेळ न्याहाळण्यासारखी खास आहे.

आमची कन्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी असते. तिच्याकडे गेलो असता शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आम्हा उभयतांना न्याहारीला बोलाविले. बिस्किटे आहेत असे कळल्यावर आम्ही मनात म्हटले, आता चहा मागून घ्यावा लागणार. पुढ्यात आले ते निराळेच. दोन बोटे उंचीचे, वर बदामी, कडेने पापुद्रे सुटलेले गोल. हाताने उकलताच आतून वाफ निघाली. त्यावर लोणी आणि काकवी. ती काकवी उसाचीही नव्हती, ज्वारीच्या गोड ताटांचा रस आटवून केलेली होती. मूळची आफ्रिकेतली ज्वारी इकडेही आली आणि तिकडेही गेली. आपण तिची भाकरी केली, त्यांनी काकवी. (आपल्याकडेही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीपासून काकवी करण्याचे काम केलेले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) आमच्या सौभाग्यवतींनी एक घास घेतला आणि आमच्याकडे वळून हळूच म्हटले, “अहो, यात ताक आहे.” आम्ही आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकविले, परंतु ताक ओळखले ते त्यांनी.

प्रथम नावाचा घोटाळा मिटवू. ‘बिस्कीट’ हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे आला. ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कॉक्टस’ म्हणजे शिजविलेले. दोनदा भाजून खडखडीत वाळविलेली, महिनोन्‌महिने टिकणारी ती भाकरी खलाशांची व सैनिकांची शिदोरी होती. इंग्रजांनी हा कडकपणाचा अर्थ कायम राखिला आणि तोच त्यांच्याबरोबर आपल्याकडे आला. म्हणून आपल्या लेखी बिस्कीट म्हणजे कुरकुरीत, डब्यात राहणारी वस्तू. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र नाव तेच राहिले आणि वस्तू पालटली. तिथले बिस्कीट एकदाच भाजतात, आणि ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. भट्टीतून निघाल्यापासून पाव तासात खाल्ले तर त्याची खरी गोडी. ही वस्तू घरी करावयाची ती याच कारणाने. आपली फुगलेली पोळी जशी तव्यावरून पानात पडली पाहिजे, तसेच हे.

हा कडक पदार्थ मऊ कसा झाला, ही गोष्ट मात्र सरळ नाही. आणि तिचा पहिला भाग ऐकावयास सुखाचा नाही.

पीठ हलके व्हावयाचे तर त्यात वायू शिरला पाहिजे. पावाच्या पिठात हे काम किण्व, म्हणजे यीस्ट, करते. पण त्याला वेळ लागतो. त्या वेळी सोडा घरोघरी पोहोचलेला नव्हता. तेव्हा दक्षिणेतल्या सुखवस्तू घरांनी एक उपाय काढिला, तो म्हणजे पीठ कुटणे. घट्ट भिजविलेला गोळा लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा झाडाच्या बुंध्यावर ठेवावयाचा आणि मोगरीने, मुसळाने अथवा कुऱ्हाडीच्या पात्याच्या बाजूने तो बडवावयाचा. चपटा झाला की घडी घालावयाची, पुन्हा बडवावयाचा. घडीघडीला थोडी हवा आत कोंडली जाई आणि शेवटी पिठावर फोड येऊन ते फटफट वाजू लागत. मेरी रँडॉल्फ या व्हर्जिनियाच्या बाईंनी १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात या जातीची एक कृती आहे; तीत हे पीठ मुसळीने अर्धा तास कुटावे असे सांगितले आहे. घरच्यांसाठी ३०० ठोके आणि पाहुण्यांसाठी ५००, असा हिशेब त्या भागात लोकांच्या तोंडी असे.

आता प्रश्न असा की हे ठोके कोणी घालावयाचे? पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी नव्हे, आणि पाहुण्यांनी तर नव्हेच. ज्या घरांत ही बिस्किटे होत, त्या घरांत बहुधा गुलाम माणसे होती. आणि पहाटे अंधारात उठून ठोकळ्यापाशी उभी राहणारी बाई बहुधा गुलाम आफ्रिकी स्त्री असे. मालकाच्या पानात पडणाऱ्या बिस्किटाचा हलकेपणा तिच्या खांद्यांतून आलेला होता. आपल्याकडे जात्यावर व उखळापाशी उभे आयुष्य गेलेल्या बायका आमच्या पिढीने पाहिलेल्या आहेत, म्हणून श्रमाचे हे चित्र आपणांस परके वाटावयाचे नाही. फरक इतकाच आणि फार मोठा, की दक्षिणेतली ती बाई स्वतःच कोणाच्या तरी मालमत्तेत मोडत होती.

या मोगरीला पर्याय निघाला तो चुलीतल्या राखेतून. लाकडाची राख पाण्यात कालवून, निवळी गाळून आटविली म्हणजे एक क्षार हाती लागतो. तो भट्टीत भाजून शुभ्र केला की त्याला तिकडे ‘मोत्यासारखी राख’ अशा अर्थाचे नाव होते. हा झाला पोटॅशियम कार्बोनेट. आपला पापडखार याच कुळातला. त्या काळी या राखक्षाराचे महत्त्व एवढे होते की अमेरिकेने १७९० साली दिलेले पहिलेवहिले पेटंट तो तयार करण्याच्या सुधारलेल्या रीतीलाच मिळाले. पुढे १७९६ साली अमीलिया सिमन्स या बाईंचे पाकपुस्तक निघाले. त्यात पीठ फुगविण्यासाठी हा क्षार वापरलेला दिसतो. परंतु या क्षारात एक खोड होती. तो तीव्र असल्यामुळे पिठातल्या स्निग्धांशाशी त्याचा संयोग होऊन साबणाची चव उतरे. साबण करण्याची जुनी रीत तीच, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

मग सौम्य क्षार आला, तो आपला खाण्याचा सोडा. १८४६ साली जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च या दोघा मेहुण्यांनी अमेरिकेत त्याचा धंदा सुरू केला आणि पुढे तो पुडक्यांतून घरोघर पोहोचला. कोरड्या सोड्यात कोरडे आम्ल आधीच मिसळून ठेवण्याची युक्तीही याच सुमाराची. इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली तशी भुकटी केली. अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या प्राध्यापकांनी १८५६ साली निराळ्या आम्लाचे पेटंट घेतले. हीच बेकिंग पावडर. खेड्यातल्या बाईला मात्र विकतच्या आम्लाची गरज नव्हती. तिच्या घरी गाय होती आणि लोणी काढून उरलेले आंबट ताक होते. चिमूटभर सोडा आणि वाटीभर ताक. एवढ्यात अर्ध्या तासाच्या मोगरीचे काम होऊ लागले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सोड्याने कोणी गुलाम मुक्त झाला नाही. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली ती मोठ्या यादवी युद्धानंतर. आणि त्यानंतरही त्याच जातीच्या स्वयंपाकघरांत त्याच बायका तुटपुंज्या मजुरीवर राबत राहिल्या. शास्त्राने हाताचे श्रम कमी होतात हे खरे. परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावयाचा, हे शास्त्र ठरवीत नाही. ते समाज ठरवितो. असो.

आता हा चमत्कार घडतो कसा ते पाहू. सोडा हा क्षार, ताकात लॅक्टिक आम्ल. ओलाव्यात दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. अर्धा छोटा चमचा सोडा म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. त्याला पुरेसे आम्ल मिळाले तर अर्ध्या लिटरहून अधिक वायू त्यातून निघतो. म्हणजे भाजणारीने मूठभर पिठात मोठा तांब्या भरेल एवढी हवा गुपचूप भरून ठेविली. परंतु ‘पुरेसे आम्ल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आंबट, दाट ताकाची पाव लिटरभर वाटी जेमतेम अर्धा चमचा सोडा पचविते. त्याहून अधिक सोडा घातला तर उरलेला सोडा भट्टीच्या उष्णतेने धुण्याच्या सोड्याकडे झुकतो. बिस्कीट पिवळट पडते आणि जिभेवर साबण येतो. अति तेथे माती ही म्हण सोड्याला जितकी लागू आहे तितकी दुसऱ्या कशालाही नसेल.

या ताकाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दक्षिणेतले जुने ताक म्हणजे दूध वा साय आपोआप आंबू देऊन, घुसळून, लोणी काढून उरलेला पातळ भाग. आज तिथल्या दुकानांत ताक म्हणून जे मिळते ते बहुधा कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून दाटविलेले असते. त्याचा आणि लोण्याचा संबंध फक्त नावापुरता उरला आहे. आपल्या घरी दही घुसळून, लोणी काढून केलेले ताक हे जातीने त्या जुन्या ताकाच्या अधिक जवळचे. फक्त आपण त्यात पाणी सढळ हाताने घालतो, आणि गोम तिथेच आहे. पाणी वाढले की आम्ल विरळ होते आणि सोडा उपाशी राहतो. म्हणून या कामासाठी तीन वाट्या आंबट दह्याला एक वाटी पाणी, एवढेच घालून घुसळावे.

वायू झाला, आता तो धरून ठेवणारे पीठ हवे. गव्हात दोन प्रथिने असतात. पाणी लागून मर्दन झाले की त्यांचे चिवट जाळे बनते. त्याला ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटताना न फाटता पसरते आणि फुगते ती या जाळ्यामुळे. म्हणून आपण कणीक तिंबतो, मुरू देतो, पुन्हा मळतो. बिस्किटाला हेच जाळे वैरी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत शरदात पेरून उन्हाळ्याच्या आरंभी कापावयाचा मऊ जातीचा गहू पिकतो; त्यात प्रथिने कमी. उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशातला कठीण गहू पावाला चांगला, हा बिस्किटाला चांगला. १८७०–८० नंतर लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, पांढरे पीठ स्वस्त झाले आणि जे बिस्कीट एरवी रविवारी किंवा सणाला होई ते रोजचे झाले. एरवीची भाकरी मक्याची असे. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावी १८८३ साली निघालेले ‘व्हाइट लिली’ हे मऊ पीठ अजूनही तिकडच्या बायका नावाने मागून घेतात. आपल्या बाजारातला मैदा याहून थोडा चिवट असतो. त्यावर सोपा उपाय असा की २५० ग्रॅम मैद्यातले ३० ग्रॅम काढून तेवढे कॉर्नफ्लोअर घालावे आणि दोन्ही एकत्र चाळावी.

तिसरी वस्तू स्निग्ध पदार्थ. दक्षिणेत पुष्कळ घरी डुकराची चरबी वापरीत, काही घरी लोणी. आपण लोणी घेऊ. येथे आपल्या गृहिणींना काही शिकवावे लागत नाही. शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन का चोळतात हे त्या जाणतात. तुपाचा लेप बसला की पिठाच्या कणांना पाणी पुरते भिजवू शकत नाही, जाळे तुटक राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. परंतु मोहन कडकडीत घालतात आणि येथे लोणी थंडगार, घट्ट हवे. कारण असे की लोण्याचे हरभऱ्याएवढे तुकडे पिठात तसेच राहिले पाहिजेत. विकतच्या लोण्यात शेकडा १६ च्या सुमारास पाणी असते. भट्टीत लोणी वितळते, त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. ती वर सरकताना पिठाचे थर एकमेकांपासून सोडविते. पापुद्रे सुटतात ते असे. तुपात पाणी नसते, म्हणून तुपाचे बिस्कीट खुसखुशीत होईल, पण त्याला असे पदर सुटणार नाहीत.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. मैदा व कॉर्नफ्लोअर मिळून २५० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन सपाट छोटे चमचे, सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, थंड लोणी ७५ ग्रॅम, दाट ताक १८० मिलिलिटर. निव्वळ ताक-सोड्यावरही बिस्कीट होते. परंतु रोज ताकाचा आंबटपणा सारखा नसतो, म्हणून भुकटीचा आधार घेतलेला बरा. प्रथम भट्टी २२० ते २३० अंश सेल्सियसवर वीस मिनिटे तापत ठेवावी. हे आधी, कारण भिजलेले पीठ वाट पाहत बसत नाही; ओले होताच वायू सुटू लागतो आणि रेंगाळलो तर तो परातीतच उडून जातो. कोरडे जिन्नस परातीत चाळून घ्यावे. लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी, तळवा न लावता, पिठात चुरडावे. तळव्याच्या उबेने लोणी वितळते. मधे आळे करून ताक एकदम ओतावे आणि चमच्याने दहाबारा वेळा ढवळून थांबावे. गोळा ओबडधोबड, चिकट, कुठे कोरडे पीठ दिसणारा असला तरी घाबरू नये. तो पीठ भुरभुरलेल्या ओट्यावर काढून हाताने अलगद थापावा, पत्रासारखी घडी घालावी, पुन्हा थापावा. असे तीनचार वेळा पुरे. शेवटी एक इंच जाडी ठेवावी.

कापण्यासाठी पातळ काठाच्या डब्याचे झाकण घ्यावे. जाड काठाची वाटी कडा दाबून टाकते. झाकण सरळ खाली दाबावे, सरळ वर उचलावे, पिळू नये. पिळले तर कडेचे थर एकमेकांस चिकटतात आणि बिस्कीट एका अंगाने लंगडे उठते. सुरीने चौकोन पाडले तरी चालेल. त्यात कातरणही उरत नाही. ताटलीत ती एकमेकांना टेकवून मांडावी म्हणजे शेजाऱ्याच्या आधाराने उंच वाढतात. कडा कुरकुरीत हव्या असतील तर दूर ठेवावी. बारा ते पंधरा मिनिटे, वर बदामी रंग येईपर्यंत भाजावी. घरची भट्टी लहान असेल तर दोनचार मिनिटे अधिक लागतील. विजेची भट्टी नसेल तर जाड पातेल्यात वाळू तापवूनही काम होते, फक्त वरचा रंग फिका राहतो. दक्षिणेत चुलीच्या काळी लोखंडी पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरून आंच देत. कोकणातल्या ज्या घरी वर-खाली निखारे ठेवून काकडीचे धोंडस भाजले आहे, तिथे ही विद्या नवी नव्हे.

एवढे शास्त्र पाठ करून अटलांटाहून परतल्यावर आम्ही मोठ्या डौलाने ओट्यापाशी उभे राहिलो. जिन्नस तराजूवर तोलले, सोडा काट्यावर मोजला. ताक मात्र सकाळचे, पातळ, गोड होते. आणि गोळा ओबडधोबड दिसला म्हणून शिस्तीच्या सवयीने आम्ही तो चांगला मळून गुळगुळीत केला. मागून आवाज आला, “अहो, पोळ्यांची कणीक तिंबताय का?” आम्ही लक्ष दिले नाही. निघाल्या त्या गोवऱ्या. नातवाने त्यांतली एक टेबलावर आपटून वाजवून दाखविली. दुसऱ्या खेपेस सोडा दुप्पट घालून आम्ही साबण भाजला. तिसऱ्या खेपेस सौभाग्यवतींनी परात आपल्याकडे ओढली. त्यांनी काट्याकडे पाहिलेही नाही. ताकाचा एक थेंब जिभेवर ठेविला, “आज आंबट आहे,” म्हणाल्या, पीठ बोटांत घेऊन लोणी पुरे झाले हे ओळखले आणि गोळा जेमतेम जमताच हात काढून घेतला. बिस्किटे फुलली. आम्हाला सूत्र ठाऊक होते; थांबावे कोठे हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

अटलांटाच्या त्या वृद्ध बाईंचेही तसेच होते. त्यांच्याकडे एक लाकडी काठवट होती, तीत पीठ कायम भरलेले. मधोमध आळे करून त्या ताक ओतीत आणि ते जेवढे पीठ मागेल तेवढेच बोटांनी ओढून घेत. बाकीचे उद्यासाठी तसेच राही. माप विचारले तर त्या हसल्या. दक्षिणेतल्या अनेक घरी हीच रीत होती. एडना लुइस या प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञ बाई १९१६ साली व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या वस्तीत जन्मल्या. मुक्त झालेल्या गुलामांनी ती वसविली होती आणि त्यांचे आजोबा त्या वसविणाऱ्यांपैकी एक. त्या वस्तीत मापाचे चमचे नव्हते. बायका बेकिंग पावडर नाण्यांवर मापीत. लुइसबाईंनी हे सारे १९७६ साली पुस्तकात उतरविले म्हणून ते आज आपल्याला कळते.

त्यांच्याही आधी एक नाव घेतले पाहिजे. ॲबी फिशर या बाई दक्षिण कॅरोलायनात गुलामगिरीच्या काळात जन्मल्या आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत नावारूपाला आल्या. १८८१ साली त्यांचे पाकपुस्तक निघाले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते; त्यांनी सांगितले आणि इतरांनी उतरून घेतले. त्या पुस्तकातली पहिलीच कृती कुटलेल्या बिस्किटांची आहे. अर्धे शतक आधी मालकिणीच्या पुस्तकात जी कृती होती, ती आता मोगरी धरणाऱ्या बाजूच्या बाईच्या नावावर छापली गेली. असे भाग्य लाभलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या हजारोंनी काय काय जाणले होते, किती ठोक्यांनंतर पिठाचा आवाज पालटतो, पावसाळी हवेत ताक किती कमी घालावे, हे त्यांच्याबरोबर गेले.

आणि हे दूरच्या देशातले नुकसान आहे असे समजून आपण उठून जाऊ नये. आमच्या मातुःश्रींचे उडदाचे पापड सबंध आळीत नावाजलेले होते. पापडखार किती, असे विचारले की त्या म्हणत, “पिठाला विचार.” आम्ही तेव्हा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत होतो आणि या उत्तराला हसत होतो. पिठाला कसे विचारावयाचे हे विचारून घेण्याचे मात्र आम्हाला सुचले नाही. त्या गेल्या, आणि तसा पापड आमच्या घरी पुन्हा झाला नाही. कार्बोनेटाचे सूत्र आम्हाला आजही पाठ आहे.

सौभाग्यवतींच्या बाबतीत ती चूक आम्ही केली नाही. त्या बिस्किटे करावयास बसल्या की आम्ही वही घेऊन शेजारी बसतो. त्या हाताने घेतात ते काट्यावर ठेवून मगच परातीत घालू देतो. त्यावरून रोज थोडी बोलणी खातो. मघाशी जी मापे सांगितली ती अशी मिळालेली आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आई, आजी, सासूबाई असतील, त्यांनी या आठवड्यात एक दिवस तसेच शेजारी बसावे. पदार्थ कोणताही असो, बिस्कीट असावे असा आमचा आग्रह नाही. फक्त मूठ आणि चिमूट यांचे ग्रॅम करून घ्यावेत, आणि हात कोठे थांबला ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवावे.